मदतनीस जागेवर नव्हत्या

अनसूबाईंबद्दल लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. सबबी चांगल्या होत्या. आधी वाटायचं, प्रकरण ताजं आहे, उगाच खपली निघेल. मग वाटायला लागलं, आता कोणाच्या लक्षात आहे? मागच्या महिन्यात कळलं की सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि मी जसं लिहून ठेवलं होतं तसंच लक्षात आहे.

मागच्या महिन्यात त्यांची दशक्रिया झाली, इंद्रायणीच्या घाटावर. आमच्या भागात दशक्रियेला माइक असतो. प्रवचन संपलं की गावातली, पतसंस्थेतली, पक्षातली माणसं एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहतात. गेलेलं माणूस पाहिलेलं असलंच पाहिजे असं नाही. माझ्या पुढं दोघं जण बसले होते. एकानं विचारलं, "कोन रं ही म्हातारी?"

"ती न्हाई का, बालवाडीत व्हती. तिचं ध्यान नव्हतं अन् पोरीचा पाय गेला."

"ती व्हय!"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. बालवाडीचे माजी कार्यवाह उपस्थित आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी माइक हातात घेतला. समोर दीडदोनशे माणसं होती आणि ते दोघे तर हाताच्या अंतरावर होते. मी म्हणालो, "अनसूबाई अत्यंत कष्टाळू आणि मनमिळाऊ होत्या." माइक परत दिला आणि खाली बसलो.

मनमिळाऊ त्या अजिबात नव्हत्या. निदान तेवढं तरी दुरुस्त करतो.

त्या चाकणजवळच्या निघोज्याच्याच. उंच, हडकुळ्या, काष्ट्याचं लुगडं, मिश्रीनं काळे झालेले दात. आम्ही काही निवृत्त मंडळींनी कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी तिथं पत्र्याच्या दोन खोल्यांत बालवाडी काढली, तेव्हा त्यांना मदतनीस म्हणून घेतलं. काम झाडलोटीचं आणि खिचडी वाढायचं. शिकवायला डिप्लोमा केलेल्या बाई होत्या. त्या बाईंना चिंचवडात नोकरी मिळाली, दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या, आणि तिसऱ्या येईपर्यंत म्हणून मुलं अनसूबाईंच्या ताब्यात दिली. तिसऱ्या कधी आल्याच नाहीत. पगारपत्रकावर अनसूबाई शेवटपर्यंत मदतनीसच राहिल्या. कार्यवाह मी होतो, ते पद बदलणं माझ्या हातात होतं. राहून गेलं, असं मी तेव्हा म्हणत असे.

त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. आपण काही विचारलं की त्या मान किंचित तिरकी करून थांबायच्या. आपलं वाक्य संपायचं, तरी थांबलेल्याच. समोरच्याला वाटायचं, बाईला समजलं नाही, किंवा बाई शिष्ट आहे. एकदा आमच्या अध्यक्षांच्या पत्नी मुलांना स्वच्छतेवर काही सांगत होत्या. पंधरा मिनिटं झाली तेव्हा अनसूबाई मागून म्हणाल्या, "ताई, बोलनं झालं आसंल तर जरा गप बसून बघा. पोरं काय घेत्यात ते तवा कळंल." अध्यक्षांकडे तक्रार गेली. ती मीच मिटवली आणि त्याचा उपकार अनसूबाईंना ऐकवलाही.

मुलांना त्या नावानं हाक मारत नसत, चालीवरून मारत. चपला घासत येणारा तो फरफट्या, टाचा आपटणारी ती धपधपी. पाठ करून भाकरी खात बसलेल्या असल्या तरी मागून कोण गेलं ते सांगायच्या. माझंही नाव होतं, हे मला उशिरा कळलं. मुलं मला कुरकुऱ्या म्हणायची. त्याची हकीकत अशी.

मी न कळवता तपासणीला जात असे. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, ती सवय. एका सकाळी गेलो तर दोन्ही खोल्या रिकाम्या. मागं गेलो. मागच्या मोकळ्या जागेत एक करंजाचं झाड होतं, त्यापलीकडे तारेचं कुंपण, कुंपणात लोखंडी फाटक, आणि फाटकाबाहेर खडीचा रस्ता, ज्यावरून दिवसभर टेम्पो आणि ट्रेलर जात. करंजाखाली बावीस मुलं मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. आणि अनसूबाई? फाटकाला पाठ लावून, पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांचेही डोळे मिटलेले. देखरेखीवरचं माणूस डोळे मिटून! माझ्या नोकरीत एवढ्यावर मी माणसं निलंबित केली होती.

मी तोंड उघडायच्या आत त्या तशाच, डोळे न उघडता म्हणाल्या, "सायेब, डावा बूट कुरकुरतोय तुमचा. थांबा वाईच. अजून तिघांचं सांगायचं ऱ्हायलंय."

मी थांबलो. का थांबलो ते आजही सांगता येत नाही.

"हां, फरफट्या. तुला काय घावलं?"

"कंपनीचा भोंगा."

"त्यो तर समद्यांनाच घावतो. त्याच्या मागं काय हाय?"

पोरानं डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणालं, "कुत्रं जांभई देतंय."

मी वळून पाहिलं. पत्र्याच्या सावलीत कुत्रं होतं आणि नुकतंच तोंड मिटत होतं.

एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. रोज सकाळी अर्धा तास झाडाखाली बसायचं, डोळे मिटायचे, हात पोटावर ठेवायचा आणि प्रत्येकानं एक आवाज शोधून आणायचा. दुसऱ्यानं सांगितलेला चालायचा नाही. मोठे आवाज पहिल्या पाचसहा जणांत संपायचे. उरलेल्या मुलांना त्या आवाजांच्या मागं जावं लागायचं. "त्याच्या मागं काय हाय?" हे त्या दिवसातून शंभर वेळा विचारत असतील. मूल रडत आलं तरी तेच. "हां, रड. रडन्याच्या मागं काय हाय? भूक हाय का कुनी मारलंय?" आणि मूल रडायचं थांबून खरोखर शोधायला लागायचं.

मी विचारलं होतं, हे कुठं शिकलात. म्हणाल्या, "राखनीवर." लग्नाआधी माहेरी आणि पुढं सासरी त्यांनी ज्वारीची राखण केलेली. पहाटेपासून मचाणावर बसायचं, हातात गोफण, आणि पाखरांचा थवा यायची वाट बघायची.

"मग डोळे मिटून राखण होते होय?" मी टोमणा मारला.

"डोळ्यानं एकाच अंगाचं दिसतं, सायेब. कानाला चारी अंगं. थवा दिसला तवर त्यो कनसावर बसलेला आस्तो. पंख आधी ऐकू येत्यात."

ज्वारीच्या त्या रानावर आता एका कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. राखायला काही उरलं नाही, म्हणून पोरं राखत होत्या.

एकदा तळवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून एक मुलगी आली. सामाजिक कामासाठी त्यांना महिन्यातून एक दिवस सुटी असे. चांगली होती बिचारी. बावीस रंगीत मॅट, एक पितळी वाटी आणि ती वाजवायला लाकडी दांडका घेऊन आली. करंजाखालचा वर्ग पाहून मला म्हणाली, "सर, या माइंडफुलनेस करतात! यांना कोणी ट्रेन केलं?" मग तिनं स्वतः वर्ग घेतला. वाटी वाजवली आणि म्हणाली, "मनातले विचार म्हणजे आकाशातले ढग आहेत असं समजा. ते येतात, ते जातात." मुलांनी ताबडतोब वर पाहिलं. पाच मिनिटांत ढगातल्या हत्तीवरून दोघांची मारामारी जुंपली. अनसूबाई फाटकाला टेकून पदरात हसत होत्या. नंतर तिला जवळ बोलावून म्हणाल्या, "पोरी, तुजी वाटी ग्वाड हाय. पर ती वाजली की पोरं वाटीच ऐकत्यात. वाजवू नगंस, नुस्ती ठिव." पुढच्या महिन्यात ती मुलगी वाटीशिवाय आली आणि मुलांच्या रांगेत बसली. तिच्या अहवालामुळं कंपनीच्या वरिष्ठांना आमची बालवाडी पाहायची इच्छा झाली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

त्याआधी वैष्णवीबद्दल सांगायला हवं. ही हिंगोलीकडच्या एका वेल्डरची मुलगी. पाच वर्षांची, आणि बालवाडीत आल्यापासून एक अक्षर बोललेली नव्हती. आम्ही कमिटीत ठराव केला की तिला डॉक्टरकडे न्यावं. अनसूबाई म्हणाल्या, "तिला ऐकू येतंय. सांगायजोगं घावलं की सांगंल." रोज तिची पाळी यायची, त्या मान तिरकी करून थांबायच्या, मुलंही थांबायची, आणि मग पुढच्याची पाळी. कोणी तिला टोचलं नाही, शाबासकीचं आमिष दाखवलं नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी पाळी आली आणि ती म्हणाली, "नळ."

नळ कोरडा होता. मुलं हसली. अनसूबाईंनी हात वर केला, मुलं गप्प.

"नळाच्या मागं काय हाय?"

"पाणी यायलंय."

आणि मिनिटभरानं कोपऱ्यातला नळ फसफसला आणि पाणी आलं. तिच्या चाळीत पाणी दिवसाआड यायचं. आई कामावर गेली की नळापाशी हंडा लावून बसायचं काम तिचं. पाणी यायच्या आधी पाइपात हवा सरकते, ती तिला ऐकू यायची. त्या दिवशी अनसूबाईंनी तिचं नाव ठेवलं, पानीवाली. त्या एकदाच मला आनंदात दिसल्या.

आता ती सकाळ.

कंपनीचे पाहुणे दहाला यायचे होते. मंडप घातला होता, खुर्च्यांचा टेम्पो यायचा होता. मुलं करंजाखाली बसली होती आणि अनसूबाई फाटकाला पाठ लावून. ही त्यांची रोजची जागा होती आणि ती आरामासाठी नव्हती. फाटकाची कडी तुटलेली होती, तारेनं गुंडाळलेली. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी माझ्याकडे दोनदा तोंडी केला होता. कडी बसेपर्यंत त्या स्वतःच कडी झाल्या होत्या.

मी घाईत गेलो. "अनसूबाई, चला, कपबश्या काढायच्यात, लुगडं बदला, पाहुणे येतायत."

"पोरांना आत नेते, मंग येते."

"नको, नको. तशीच बसू द्या डोळे मिटून. पाहुण्यांना तेच तर बघायचंय. फोटो चांगला येतो."

त्या उठल्या नाहीत. "फाटकाला कोन?"

"मी आहे ना इथं."

त्यांनी मान तिरकी केली. माझं वाक्य संपल्यावरही थोडा वेळ थांबल्या. मग उठून आत गेल्या.

मी फाटकाशी उभा राहिलो, दोन मिनिटं. फोन आला. पाहुणे चौकात चुकले होते. आवाज नीट येईना म्हणून मी तार सोडली, फाटक उघडलं आणि बोलत बोलत रस्त्यावर गेलो, पन्नास पावलं, कोपऱ्यापर्यंत, हात करून त्यांची गाडी बोलवायला. फाटक उघडं होतं. ते मी उघडं टाकलं होतं. माझ्या पाठीमागं खुर्च्यांचा टेम्पो मागं मागं येत होता. ते रिव्हर्सचं गाणं मला ऐकू येत होतं. त्याच्या मागचं ऐकू आलं नाही.

वैष्णवीच्या डाव्या पावलावरून मागचं चाक गेलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी अनसूबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. मी दारात होतो. त्यांनी तिला फक्त एवढंच विचारलं, "कशाला गेलीस गं, पानीवाले?"

"गाण्याच्या मागं टिटवी ओरडायली होती."

रस्त्याकडेच्या खडीत टिटवीनं अंडी घातली होती. आदल्या आठवड्यात अनसूबाईंनीच मुलांना ती लांबून दाखवली होती आणि भोवती चार दगड मांडले होते. टेम्पो त्या दगडांकडे मागं येत होता. पक्षीण जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि अख्ख्या जगात ते एका पोरीला ऐकू आलं.

अनसूबाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. आणि हेही लिहितो, कारण लिहायलाच बसलोय तर: मला हायसं वाटलं.

कमिटीनं अहवाल लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मीच अनुभवी. कारखान्यात अपघात झाला की आम्ही एक तक्ता भरायचो. घटना, कारण, जबाबदार व्यक्ती, उपाय. पाच वेळा 'का' विचारा, म्हणजे मूळ कारण सापडेल, असं आम्हाला शिकवलेलं. मी स्वतः शेकडो लोकांना ते शिकवलं. प्रत्यक्षात दुसऱ्या 'का'ला कामगार सापडतो आणि तिथं थांबायचं असतं. तिसरा 'का' साहेबांच्या केबिनकडे जातो. तीस वर्षांत मी तिसरा 'का' कधी विचारला नाही, त्यामुळं मला बढत्या मिळत गेल्या. त्या दिवशी केबिन माझीच होती.

मी लिहिलं: "घटनेच्या वेळी मदतनीस जागेवर नव्हत्या." या वाक्यात एक शब्द खोटा नाही. जबाबदार व्यक्ती: मदतनीस. उपाय: फाटक वेल्डिंग करून कायमचं बंद करणे, मुलांना बाहेर बसवण्याचा उपक्रम थांबवणे, संबंधित मदतनीस सेवेतून कमी करणे.

सहीसाठी त्यांना बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच. मी वाचून दाखवलं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या.

"मी जागेवर नव्हते. खरं हाय," त्या म्हणाल्या. मग मुलांना विचारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "त्याच्या मागं काय हाय, सायेब?"

आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या थांबल्या. वैष्णवीसाठी पाच महिने थांबल्या होत्या, तशाच. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाहेर ट्रेलर गेला, दुसरा गेला, पत्रा तापून तडतडला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. तेही त्यांना ऐकू येत असणार.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. "बरं," म्हणाल्या. "पोरीला मागचं ऐकाय मीच शिकिवलं. माझंबी हायेच." आणि सही केली. 'माझंबी' म्हणाल्या होत्या. तो 'बी' मी नऊ वर्षं ऐकतो आहे.

पुढं वैष्णवीचा बाप दारू पिऊन त्यांच्या दारात जाऊन शिव्या देत असे, असं कानावर आलं. त्यांनी त्याला एकदाही माझं नाव सांगितलं नाही. बालवाडीला त्या कंपनीनं देणगी दिली. तिसरी खोली बांधली, वातानुकूलित. तिथं मुलं मॅटवर बसतात आणि स्पीकरवर झऱ्याचा आणि पाखरांचा आवाज लावतात. उद्घाटनाला मी होतो. करंज पार्किंगसाठी तोडला.

अनसूबाईंना गावात कोणी कामाला ठेवेना. त्या तळवड्याला एका प्रेस शॉपमध्ये लागल्या, सुटे भाग वेचून ट्रेमध्ये लावायला. पत्र्याला आकार देणारी यंत्रं दिवसभर धाडधाड आदळतात तिथं. इयर प्लग न घालता अशा ठिकाणी उभं राहिलं तर कानांचं काय होतं, यावर मी भाषणं दिलेली आहेत. त्या तिथं लागल्या हे मला माहीत होतं. मालक माझ्या ओळखीचा होता. एक फोन करता आला असता.

दोन वर्षांपूर्वी मला स्वतःला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा वाटलं, आता जावं. पिंपळे सौदागरच्या माझ्या घरून रिक्षा करून निघोज्याला गेलो. त्या अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. शेजारी सून कपडे वाळत घालत होती, ओट्यावर शेजारच्या तीनचार बायका होत्या. मी मागच्या बाजूनं आलो, मुद्दामच. तेच बूट नव्हते, पण बूट होते. त्यांनी मान वळवली नाही. मी अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकल्या.

"सायेब! कधी आलात?"

मी बाजेच्या कडेला बसलो. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य होतं. खाली बघून, हळू म्हणालो, "अनसूबाई, फाटक मी उघडं टाकलं होतं. मला माफ करा."

त्यांनी मान तिरकी केली. थांबल्या. मग कानामागं हात धरून हसल्या.

सून म्हणाली, "त्यांना आता ऐकू येत न्हाई, काका. जोरात बोलावं लागतं."

"मोठ्यांदी बोला, सायेब," अनसूबाई म्हणाल्या. "काय म्हनलात?"

ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या होत्या. सुनेच्या हातातला टॉवेल तसाच राहिला होता. सगळं अंगण ऐकायला थांबलं होतं.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून म्हणालो, "तब्येत कशी आहे, म्हणालो!"

"बरी हाय," त्या म्हणाल्या. मान मात्र त्यांनी लगेच सरळ केली नाही.